हातमोजा घातलेला वस्ताद

“वस्ताद कधी मोजा नाई घालत होते. उघड्या हातानं लढत. अन् हात कापला तरी हू का चू नाई केलं माणसानं.”

तुमच्या तेरवीच्या पंगतीत, मधल्या पडद्यापलीकडून हे वाक्य आलं. मी बायकांच्या रांगेत वांग्याची भाजी वाढत होते. बोलणारे गजाभाऊ होते, कापसाच्या बाजारातले ग्रेडर, तुमचे लहानपणापासूनचे मित्र आणि आता तुमच्या दसऱ्याच्या लढाईच्या मंडळातले सगळ्यांत जुने गडी. शेजारच्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण गजाभाऊ पुढे म्हणाले, “यंदा दसऱ्याले प्रमोद तसाच उतरन. ना मोजा, ना ते गादीचं जाकीट, ना टोपलं. वस्तादाचा पोरगा हाय, वस्तादासारखा लढन. संध्याकाळच्या सभेत जाहीरच करून टाकतो.”

मामा, प्रमोद तिथेच होता, पडद्याच्या फटीतून मला दिसला. हातात वरणाची बादली. त्याचे खांदे जरा वर झाले. तुम्ही गेल्यापासून तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मला तुमचा राग आला. गजाभाऊंचा नंतर आला.

तुमच्या हातात मोजा होता. त्या दसऱ्याला तुम्ही बंडी, टोप, जाळी, मोजे, सगळं घालून उतरला होतात. हे तुमच्यानंतर तीनच माणसांना ठाऊक आहे: मला, मामीला आणि गजाभाऊंना. गावाला ठाऊक आहे ते वेगळंच आहे, आणि ते गावाला तुम्ही स्वतः सांगितलंत. एक खोटं बोलून तुम्ही मोकळे झालात. आता त्या खोट्याच्या मागोमाग प्रमोद उघड्या हातानं मैदानात जाणार आहे, आणि विचारायला तुम्ही नाही.

आपल्यात बोलणं कधीच फार नव्हतं. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, हॉस्टेलवर. दसरा-दिवाळीला आणि उन्हाळ्यात आर्वीला तुमच्याकडे. गल्लीतल्या मुली माझं मराठी ऐकून तोंडावर पदर, ओढणी, जे असेल ते धरायच्या, म्हणून मी बोलायचं कमी केलं. घरात पाऊल टाकलं की तुम्ही पुढे येऊन वाकायचात आणि माझ्या पायाला हात लावायचात. आपल्याकडची रीतच आहे, मामानं भाचीच्या पाया पडायचं. पण मला ते फार अवघड जायचं. ग्रीसचा वास येणारे तुमचे ते मोठे हात माझ्या सँडलवर, आणि मी बॅग छातीशी धरून उभी. “कशी हायेस नीलू?” “बरी आहे.” एवढ्यावर आपलं भागायचं. तुम्ही कधी ‘पोरगी घुमी आहे’ म्हणाला नाहीत. तुम्ही मला काम दिलंत.

तेव्हा मंडळात अंगावर घालायला काहीच नव्हतं. दसऱ्याच्या संध्याकाळी मैदानावर जुन्या काळची लढाई उभी करायची. सहा गडी या बाजूला, सहा त्या बाजूला, मांजरपाटाचे अंगरखे, डोक्याला पागोटं. तलवारी बोथट, पण लोखंडाच्याच. दरवर्षी कुणाचं तरी कपाळ फुटायचं आणि वर्षभर त्या कपाळाचं कौतुक चालायचं. तुम्ही एसटी डेपोत फिटर. दिवसभर गाडीखाली पाठीवर पडून ब्रेक बघणाऱ्या माणसाला हे सहन होणार नव्हतं. “गाडी आष्टीले जावो का वर्ध्याले, ब्रेक पाह्यल्याशिवाय फाटकाबाहेर नाई. अन् ह्या पोट्ट्यायचं काय? बजरंगबली की जय, अन् घाला डोक्यात.”

मी आठवीत होते. तुम्ही विचारलंत, “तुह्या इंग्रजी पुस्तकायमंदी तलवारीच्या खेळाचं काई लिहून असते का?” असतं. शाळेच्या लायब्ररीतल्या जाडजूड विश्वकोशातून मी चित्रं उतरवून आणली: जाळीचा मुखवटा, कापूस भरलेलं जाकीट, लांब चामडी मोजे. ड्रॉइंगची वही मांडीवर घेऊन तुम्ही कितीतरी वेळ बसला होतात. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही म्हणालात, “हे भेकड नाईत. ह्यायले दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असते.”

मग चिलखत बनवायचा तुमचा नाद सुरू झाला. गाद्या भरणाऱ्या उस्मानचाचांकडे तुम्ही मला घेऊन गेलात. दुहेरी खादी, आत पिंजलेला कापूस, दोन-दोन बोटांवर उभ्या शिवणी. चाचांनी माप घ्यायला टेप लावली आणि विचारलं, “भाई, गद्दा किसका है, पलंग का या आदमी का?” पहिली बंडी अंगात घालून तुम्ही तालमीत गेलात तर गजाभाऊ म्हणाले, “वस्ताद, गादी आणली, आता मच्छरदाणी कधी आणता?” पुढच्या महिन्यात तुम्ही टोपाला पुढून चाळणीची जाळी बसवून नेली आणि त्यांच्या डोक्यात घातली. “घे गजा, आणली मच्छरदाणी.” त्यानंतर आठवडाभर गजाभाऊंना सगळे मच्छर म्हणत होते.

त्या टोपासाठी मामीचे तीन माठ गेले. तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून तुम्ही टोप केला, तो माठावर बसवला आणि वरून लाठी घातली. माठ फुटला. “पत्रा डोक्याले टेकला तं टोप घालून फायदा काय?” दुसऱ्यांदा आत गोणपाट घातलं, तरी फुटला. तिसऱ्यांदा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या-उभ्या ताणल्या, म्हणजे पत्रा आणि डोकं यांच्यात दोन बोटं मोकळी राहतील. त्या वेळी तुमचा नेमच चुकला आणि टोपाला न लागता माठाला लागली. मामी दारात उभी होती. “डोकं वाचवून राह्यले म्हणते लोकायचं. अन् घरात पाणी कशात भरू, टोपल्यात?” चौथा माठ वाचला. त्यातलं पाणी आपण तो उन्हाळाभर प्यालो.

तुमची आठवण काढायला बसले की मला हे आठवतं, आणि मग राग धरून ठेवता येत नाही. पण आज धरायचा आहे.

नियम तुम्ही सांगितलेत, मी लिहिले. डेपोतल्यासारखी लांबडी वही. टोप असला तरी डोक्यावर वार नाही. टोकानं भोसकायचं नाही. पडलेल्यावर हात उचलायचा नाही. मोज्याशिवाय मूठ धरायची नाही, सरावातसुद्धा नाही. कुणीही हात वर करून थांबवलं, मग तो गडी असो की बघायला आलेली म्हातारी, तर दोन्ही बाजूंनी तलवार खाली. बारा गड्यांच्या बारा आणि एक जादा, अशा तेराही तलवारींच्या मुठींवर तुम्ही रंगानं नंबर टाकलेत. लढाईआधी प्रत्येकीचं पातं तपासायचं आणि वहीत नंबरापुढे लिहायचं, ते काम माझं. मी वही तुमच्यापुढे धरायची, तुम्ही वाचायची, सही करायची, मग गडी उतरणार.

पातं तपासायची युक्ती गजाभाऊंची. चिमूटभर कापूस धारेवरून ओढायचा. पात्यावर पातं आपटून कुठे काटा निघाला असेल तर तंतू तिथे अडकतो. अडकला की कानस मारायची. दिवसाकाठी शेकडो गाड्यांतला कापूस चिमटीत धरून पाहणारी त्यांची बोटं. माझ्या हातात पहिला कापूस त्यांनीच दिला होता, हे मी विसरलेले नाही.

मी अकरावीत होते त्या वर्षी खंडेनवमीला गजाभाऊंच्या मनात आलं, की देवीपुढे सगळी बोथट शस्त्रं मांडणं बरं दिसत नाही. निदान एकीला तरी धार पाहिजे. तुम्हाला न विचारता त्यांनी एक तलवार घिसाड्याकडून परजून आणली आणि पाटावर मांडली. दुसऱ्या दिवशी ती बाजूला काढून ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. काढली पण त्यांनी एक. फक्त दुसरीच. सगळ्या मुठींना हळदकुंकू माखलेलं, झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या, नंबर दिसतच नव्हते.

दसऱ्याच्या दुपारी मी तालमीच्या ओसरीवर कापूस घेऊन बसले. सहा झाल्या. सातवीवर कापूस अडकला नाही. तुटला, आणि अर्धा माझ्या मांडीवर पडला. मी पुन्हा ओढला. पुन्हा पडला.

गजाभाऊ पाच-सहा जणांबरोबर समोर टोपांवर पागोटी बांधत बसले होते. मी म्हटलं, “ह्याला धार आहे.”

“ह्याला नाई माय, हिला. तलवार बाई असते.” सगळे हसले. मग ते म्हणाले, “धारेची मी सकाळीच काढून ठेवली. अन् पूजा झालेल्या हत्यारावर शंका नाई घ्यायची. कॉन्व्हेंटात शिकवते का असं?”

पुन्हा हसले. वाईट हसणं नव्हतं ते, मामा. घरातल्या पोरीला हसतात तसंच. पण माझे कान तापले. मी मुठीवरचं कुंकू पुसून नंबर पाहिला, वहीत सात नंबरापुढे ‘धार’ असं लिहिलं आणि ठरवलं की तुम्ही वाचालच. माझं काम लिहायचं, तुमचं वाचायचं. बोलायची गरजच नाही.

तुम्ही आलात तेव्हा अंगात बंडी, हातात मोजे, टोप काखेत. गजाभाऊ तिथेच होते, अजून चेहऱ्यावर ते हसू. मिरवणूक निघाली होती, ताशा दारापर्यंत आला होता. मी वही पुढे केली. तुम्ही मला विचारलंत, “झालं का पाहून?”

मी म्हटलं, “हो.”

खोटं नव्हतं ते. पाहून झालं होतं. तुम्ही डावा मोजा काढलात, डाव्या हातानंच कशीबशी वाकडी सही केलीत आणि पान न वाचता वही माझ्याकडे परत दिलीत. त्याआधी कधी असं केलं नव्हतंत. त्यानंतर मैदानावर मी तुमच्यापासून वीस पावलांवर उभी होते. मी स्वतः लिहिलेला नियम मला तोंडपाठ होता, कुणीही हात वर करून थांबवू शकतं. सात नंबर गजाभाऊंच्या हातात होती. मी ती पाहत राहिले. माझे दोन्ही हात वहीवर होते.

मोज्याच्या पाठीवर तुम्ही चामड्याच्या पट्ट्या शिवल्या होत्या. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टी नव्हती, तिथे जाड केलं की मूठ धरता येत नाही. आपलं त्यावरून भांडणही झालं होतं, म्हणजे मी दोनदा म्हटलं आणि तुम्ही दोनदा ‘पाहू’ म्हणालात. वार नेमका तिथे बसला. बोथट पातं असतं तर तिथे निळं पडलं असतं.

लोक धावत यायच्या आत तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि पाठ फिरवून मोजा ओढून काढलात. बंडीच्या आत कोंबलात. मी पाहिलं. गजाभाऊंनीही पाहिलं, ते तुमच्या सगळ्यांत जवळ होते. बाकीच्यांना धुळीत आणि तिन्हीसांजेला काही दिसलं नव्हतं. गर्दी जमली आणि तुम्ही मोठ्यानं म्हणालात, “मोजा नाई घातला आज. माह्यी चूक.”

चिरलेला मोजा दिसला असता तर तलवारीला धार होती हे गावाला कळलं असतं; उघडा हात तर बोथट लोखंडानंही फाटतो. तिथपासून हे सगळं सुरू झालं.

तुमचा अंगठा आणि शेजारचं बोट पुन्हा कधी पुरतं मिटलं नाही. पाना धरता येईना. डेपोत तुम्हाला सुट्या भागांच्या खिडकीमागे बसवलं. गाडी आवाजावरून ओळखणारा माणूस नटबोल्ट मोजून द्यायला लागला. मामीनं मला एकदा सांगितलं, की तुम्ही घरी आल्यावर आधी हात धुवायचात, सवयीनं, साबण लावून, खसखसून, आणि मग बघायचात की हात स्वच्छच होते.

मी तुम्हाला त्याच आठवड्यात सांगायला आले होते. वही घेऊन. तुम्ही सात नंबरापुढचा तो शब्द वाचलात आणि वही मिटलीत. “मी न वाचता सही केली. ज्याची सही, त्याची चूक. डेपोत असंच असते.” मी म्हटलं, पण मी बोलले नाही. तुम्ही म्हणालात, “भाचीवर बोट दाखवलं तं मामा कायले म्हणायचं मले? जा, चहा आण.”

मला वाटतं तुम्हाला हा मोठेपणा वाटला असेल. लोकांना कळलं असतं तर वाटलाच असता. मला काय वाटलं ते तुम्ही विचारलं नाहीत. माझी एक चूक होती, धडधडीत, माझी स्वतःची, आणि ती तुम्ही माझ्या हातून काढून घेऊन बंबात टाकलीत. मोजाही बंबातच गेला. तो मामीनं जाळला, तुमच्या सांगण्यावरून.

आणि गावानं काय केलं? पुढच्या दसऱ्याला दोन गड्यांनी मोजे घातले नाहीत. “वस्तादानं कुठं घातला होता?” त्याच्या पुढच्या वर्षी बंड्या उकडतात म्हणून राहिल्या. टोपाच्या जाळ्या निघाल्या. कुणाच्या भुवईवर टाके पडले, कुणाचं करंगळीचं हाड मोडलं, आणि प्रत्येक जखमेला तुमचं नाव. तुम्ही तालमीत जाऊन ओरडायचात, मोजे घाला रे, आणि ती पोरं हसून, प्रेमानं, पायाला हात लावून म्हणायची, “तुमी घातला होता का वस्ताद?” तुम्ही तालमीतून बाहेर पडायचात. मी ओसरीवर बसून हे पाहिलेलं आहे. नियम सगळे तुमचे, आणि त्या नियमांच्या विरुद्ध पुरावा म्हणून दाखवायचे तेही तुम्हीच. बारा जणांच्या हाडांची काळजी करणारा माणूस त्या एका वाक्यापायी कुणाला काही सांगू शकत नव्हता.

सगळ्यांत मोठ्यानं ती गोष्ट सांगायचे गजाभाऊ. आधी मला ते ढोंग वाटायचं. आता वाटतं, त्यांनाही दुसरं काही सांगून जगता आलं नसतं. सात नंबरची धार त्यांनी त्याच रात्री घासून काढली होती.

यंदा मे महिन्यात आपण शेवटचं भांडलो. मी आता वर्ध्याला शिकवते, नालवाडीत खोली घेऊन राहते. मला वाटलं होतं, नोकरी लागली म्हणजे मी बोलायला शिकेन. तुम्ही अंगणात सायकलला हवा भरत होतात, डाव्या हातानं, उजव्याचं नुसतं कोपर टेकवून. मी म्हटलं, “प्रमोद यंदा उतरणार म्हणतो. त्याला खरं सांगा.”

“सांगतो मोजा घालाले.”

“ते नाही. खरं.”

“खरं सांगितलं तं गजाचं नाव येते. मंडळ फुटते.”

“फुटू दे.”

“तुह्यं नाव येते.”

“येऊ दे.”

तुम्ही पंप थांबवलात. “तुले काय मालूम लोकं कसे असतात? पोरीचं नाव एकदा तोंडावर आलं का मंग लोकं तेच चघळतात. तुह्यं लग्न व्हायचं हाय.”

“माझ्या लग्नासाठी प्रमोदचा हात?”

मी असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तुम्ही पुन्हा हवा भरायला लागलात. “दसऱ्याले टाइम हाय. पाहू.”

मोज्याच्या बेचक्याबद्दलही तुम्ही ‘पाहू’च म्हणाला होतात. श्रावणात एका संध्याकाळी तुम्ही डेपोतून आलात, सायकल भिंतीला टेकवलीत, ओट्यावर बसलात, मामीला पाणी मागितलंत, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत थांबला नाहीत.

मी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. बायका म्हणाल्या, भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं. म्हणून मी तुमच्या पायांशी गेले नाही. तुमचा उजवा हात हातात घेतला. त्या हातानं मला कधी मारलं नाही, कधी पुढे ढकललं नाही, कधी ‘बोल की गं’ म्हणून पाठीत थाप दिली नाही. एका मुक्या मुलीच्या हातात वही दिली आणि बारा पुरुषांना तिच्या लिहिण्याची वाट बघायला लावली. हे तुमच्याशिवाय कुणी केलं नसतं. मी तो हात धरून बसले आणि तुम्हाला मनातल्या मनात म्हटलं, तुम्ही फार वाईट वागलात माझ्याशी. दोन्ही खरं आहे.

तर, तेरवीची पंगत उठल्यावर मी मामीकडे गेले. ती मागच्या दारी पातेली घासायला बसली होती, कुणी बसू देत नव्हतं तरी.

“मामी, गजाभाऊ खोटं सांगतायत.”

“मले नाई मालूम का? म्याच जाळला तो मोजा. दोन दिवस वास येत होता चामड्याचा.”

“मग?”

“मंग काय माय. लोकं इतकं चांगलं बोलून राह्यले. बोलू दे.”

“प्रमोदला उघड्या हातानं उतरवणार आहेत.”

“मी सांगीन त्याले.”

“तो ऐकेल?”

तिनं पातेलं पालथं घातलं. मग पुन्हा सुलटं केलं आणि घासलेलंच घासायला लागली. तिला आता नवरा नाही, त्याची एक गोष्ट आहे, आणि मी ती काढून घ्यायला आले होते. मला तिथून उठावंसं वाटलं. मी उठले नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “सभेले जाशीन तं पुढं बसजो. मागून तुहा आवाज कोणाले आयकू येत नाई.”

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. टेबलावर तुमचा फोटो, डेपोच्या ओळखपत्रावरूनच मोठा केलेला, त्यामुळे जरा घाबरल्यासारखे दिसत होतात. चार जण बोलले. मग गजाभाऊ उठले. चांगलं बोलतात ते, तुम्हाला माहीत आहे. वस्तादाचं काळीज, वस्तादाची छाती, उघडा हात. मग त्यांनी प्रमोदला वर बोलावलं आणि मंडळातर्फे त्याच्या हातात तलवार दिली. मुठीवर सातचा आकडा होता, रंग उडालेला. प्रमोदनं ती उघड्या मुठीत धरली आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांमध्ये त्याचा चेहरा अगदी तुमच्यासारखा दिसत होता, माठ वाचला होता तेव्हाचा.

मी पहिल्या रांगेत होते. उभी राहिले आणि हात वर केला. टाळ्या लगेच थांबल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, “भाची हाय वस्तादाची, बोलू द्या.” गजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते खाली बसले नाहीत, अडवलंही नाही.

मी गजाभाऊंशी बोलले नाही. प्रमोदशी बोलले. म्हटलं, तुझ्या बाबांच्या हातात त्या दिवशी मोजा होता, त्यांनी तो काढून लपवला. म्हटलं, ह्याच तलवारीला धार होती. ती पूजेसाठी लावली होती, चुकून मैदानात आली. मला दुपारीच कळलं होतं. मामांनी मला विचारलं, झालं का पाहून, आणि मी नुसतं हो म्हटलं. त्यांचा हात माझ्या त्या ‘हो’मुळं गेला, आणि माझं नाव येऊ नये म्हणून त्यांनी गावाला खोटं सांगितलं. माझा आवाज मध्येच दोनदा गेला. दोन्ही वेळा मी वाक्य पहिल्यापासून म्हटलं.

मामी जमिनीकडे बघत होती. प्रमोदनं तलवार टेबलावर, तुमच्या फोटोपुढे ठेवली आणि आपला तळवा सदऱ्याला पुसला.

गजाभाऊ म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, “मंग तवाच काऊन नाई सांगितलं, नीलू?”

मी म्हटलं, “सांगितलं होतं, गजाभाऊ. तुम्ही हसलात, म्हणून पुन्हा नाही सांगितलं. आता हवं तर हसा. मी दसऱ्याला वही घेऊन येणार आहे, आणि प्रत्येकाचे हात बघणार आहे.”